एका तासाला ४,७०० डॉलर! ग्रिपेन खरंच सर्वांत स्वस्त लढाऊ विमान आहे का?

लढाऊ विमानांची चर्चा निघाली की सोशल मीडियावर एक तक्ता हमखास फिरायला लागतो. कोणतं विमान तासभर उडवायला किती खर्च येतो, याचा. एफ-३५ समोर २१,००० डॉलर, राफेलसमोर १६,५००, एफ-१६ समोर ७,००० आणि सर्वांत खाली स्वीडनच्या ग्रिपेनसमोर ४,७०० डॉलर. मग कॉमेंटमध्ये ठरलेला प्रश्न येतो: इतकं स्वस्त विमान असताना बाकीचे देश महागडी विमानं का घेतात?

हे आकडे कुणी मनाने रचलेले नाहीत, पण अर्धवट आहेत. ते २०१२ सालचे आहेत. अभ्यास ‘जेन्स’ या संरक्षण क्षेत्रातल्या नामांकित संस्थेचा असला, तरी तो करून घेतला होता साब कंपनीने, म्हणजे ग्रिपेन बनवणाऱ्यांनीच. त्यात इंधन, उड्डाणापूर्वीची तयारी, तळावरची नेहमीची देखभाल आणि त्यासाठी लागणारी माणसं एवढाच खर्च धरला होता. विमानाची मूळ किंमत त्यात नाही. शिवाय आज विकलं जाणारं ‘ग्रिपेन ई’ तेव्हा सेवेत आलंच नव्हतं.

ही स्वस्ताई आली कुठून?

तरीही ग्रिपेन चालवायला स्वस्त आहे, हे खरं. त्याचं कारण स्वीडनच्या भीतीत आहे. शीतयुद्धाच्या काळात स्वीडनने गृहीत धरलं होतं की युद्ध पेटलं तर सोव्हिएत संघ पहिल्या काही तासांतच हवाई तळ उद्ध्वस्त करेल. म्हणून विमान असं हवं होतं, जे जंगलातल्या साध्या हायवेवर, सुमारे ८०० मीटरच्या पट्ट्यावर उतरेल आणि तिथूनच पुन्हा उडेल. हवाई लढाईसाठी इंधन आणि क्षेपणास्त्रं भरून ते १० मिनिटांत तयार व्हायला हवं, तेही एक तंत्रज्ञ आणि सक्तीच्या लष्करी सेवेतल्या पाच पोरांच्या हातून! एवढ्या कमी माणसांत भागवायचं म्हणजे विमान लहान, एका इंजिनाचं आणि दुरुस्तीला सोपं असणं भागच होतं. १९८८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे विमान १९९६ पासून स्वीडनच्या हवाई दलात आहे.

त्याच्या पूर्ण नावातच त्याचं काम आहे. ‘जास ३९’ मधला ‘जास’ म्हणजे हवाई लढाई, जमिनीवर हल्ला आणि टेहळणी या तीन स्वीडिश शब्दांची आद्याक्षरं. तिन्ही कामांना एकच विमान. २०१७ मध्ये पहिलं उड्डाण केलेलं ‘ग्रिपेन ई’ जास्तीत जास्त साडेसोळा टन वजन घेऊन उडतं. त्यावर शस्त्रं वगैरे अडकवायला १० जागा आहेत, आधुनिक एईएसए रडार आहे आणि शत्रूच्या विमानाची उष्णता टिपणारा सेन्सर आहे. राफेलवर असतं तेच लांब पल्ल्याचं मीटिऑर क्षेपणास्त्र त्यावरही लागतं. एफ-३५ सारखं रडारपासून लपण्याचं तंत्र मात्र त्यात नाही आणि दोन इंजिनांच्या राफेलइतकं ओझंही ते वाहू शकत नाही.

मग गाडी अडते कुठे?

खरेदीच्या बिलावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबियाने १७ ग्रिपेनसाठी ३.१ अब्ज युरोंचा करार केला. सरळ भागाकार केला तर एका विमानामागे १८ कोटी युरोंहून जास्त पडतात. अर्थात अशा करारांत साधारणपणे सुटे भाग, प्रशिक्षण वगैरेही येतं, त्यामुळे हा आकडा म्हणजे विमानाची किंमत नव्हे. पण ‘स्वस्त’ हा शब्द इथे गळून पडतो, हे मान्य करावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये तर २२ ग्रिपेनचा सौदा लोकांपुढे गेला आणि मे २०१४ मधल्या सार्वमतात ५३ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो फेटाळला. फिनलंड आणि कॅनडाने ग्रिपेनची स्पर्धा एफ-३५ शी लावली आणि निवडलं एफ-३५.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्यांनी २६ ग्रिपेन घेतली. पण २०२१ मध्ये देखभालीचा करार संपला, नव्यासाठी पैशांचा मेळ बसेना आणि जगातलं सर्वांत काटकसरी म्हणवलं जाणारं हे विमान वर्षभर हँगरमध्येच उभं राहिलं.

उलट थायलंडने जुलै २०२५ मध्ये कंबोडियाविरुद्धच्या सीमासंघर्षात ग्रिपेनमधून बॉम्बहल्ले केले आणि पुढच्याच महिन्यात आणखी चार विमानांची ऑर्डर दिली.

भारताशी नातं

भारताच्या १२६ विमानांच्या गाजलेल्या स्पर्धेतही ग्रिपेन होतं. २०११ मध्ये ते बाद झालं आणि पुढे राफेलची निवड झाली. मात्र इंजिनाचं नातं कायम आहे. जुन्या ग्रिपेनचं इंजिन अमेरिकेच्या एफ-४०४ वर बेतलेलं, तर तेजसमध्ये एफ-४०४ च बसतं. ग्रिपेन ई मध्ये एफ-४१४ आहे आणि तेजस मार्क-२ साठीही तेच ठरलंय.

म्हणजे स्वीडनला आपलं विमान दुसऱ्या देशाला विकायचं असलं, तरी इंजिनासाठी वॉशिंग्टनची परवानगी लागते. भारतालाही या अवलंबनाची किंमत कळली आहे. नाशिकच्या एचएएल कारखान्यातून पहिलं तेजस मार्क-१ए ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं खरं, पण २०२१ मध्ये ऑर्डर दिलेल्या ८३ विमानांचं वेळापत्रक अमेरिकेतून इंजिनं उशिरा आल्यामुळे आधीच कोलमडलं होतं.