ठेका सोपा, वाजवणं सोपं नाही

संत एकनाथांनी १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला देह ठेवला. त्या नाथषष्ठीला आजही दिंड्या गोदाकाठी उतरतात आणि बघ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, ‘टाळ काय, कुणीही वाजवेल!’

हा समज मुळापासून चुकीचा आहे. दोन टाळ समोरासमोर सपाट आपटले तर मध्ये हवा कोंडते, नाद बसका येतो. म्हणून एक टाळ किंचित तिरपा धरून कडेला कड लागेल असा घाव देतात, दोरी सैल ठेवून नाद मोकळा सोडतात आणि हवं तिथे तळव्यानं मिटवतात. ठेका अवघा आठ मात्रांचा. पण तोंडी अभंग, पायांत पावली आणि पन्नास जणांचा घाव एकाच क्षणी! एकाचा टाळ केसभर पुढे पडला तरी तो सगळ्या दिंडीत वेगळा ऐकू येतो.

मृदंगात जितके बोल जास्त, तितका वादक मोठा, असंही अनेकांना वाटतं. भजनात अभंगाचे शब्द ऐकू यायला हवेत. चरण चालू असताना ठेका धरून राहणं आणि नामाचा गजर चढला की मगच हात मोकळा सोडणं, याला मी खरी तयारी म्हणतो. ती वाद्य लावण्यापासून दिसते. डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात. जास्त झाली तर आवाज गुदमरतो, कमी पडली तर घुमारा येत नाही, सुकू लागली तर पाण्याचा हात फिरवावा लागतो. उजवी, शाईची बाजू गायकाच्या स्वराला हातोडीनं मिळवायची.

दिंडीतलं वाजवणं शास्त्रीय संगीताच्या खालचं, हा समज सुशिक्षितांत जास्त. मराठवाड्याचे शंकरबापू आपेगावकर पखवाजासाठी पद्मश्री झाले, ते याच वारकरी मातीतून. आणि तोच ठेका फिरत राहतो म्हणून वाजवणं हलकं ठरत नाही. आयर्लंडच्या लोकसंगीतातही एकच छोटी धून पुन्हापुन्हा फिरवतात. वाजवणाऱ्याचा कस लागतो तो प्रत्येक फेरीतल्या बारीक फरकात.

आणि दिंडीतलं हे वाजवणं नुसतं कानावर पडून येत नाही. जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, त्या आळंदीत मुलं वर्षानुवर्षं राहून गायन आणि मृदंग शिकतात. तेच बोल, संथ लयीत, हात बसेपर्यंत.