बाणाची काडी

दिवाळीच्या दिवसांत पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही गृहसंकुलाच्या आवारांत उभें राहावें, म्हणजे एक दृश्य हटकून नजरेस पडतें. एखादा मुलगा बाण हातांत घेतो, त्याची लांबलचक काडी त्याला निष्कारण अडचणीची वाटते, आणि तो ती मध्येंच मोडून टाकतो. पुढच्या क्षणीं तो बाण आकाशांत जाण्याऐवजीं गरगरत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरींत शिरतो. आमच्या आवारांत असाच एक बाण एका मुलीच्या भुंवईला चाटून गेला. दोन बोटें खालीं असता, तर डोळा गेला असता. त्या मुलाला सगळे रागें भरले. पण काडी मोडल्यानें बाण कां बिघडला, हें मात्र कोणीं सांगितलें नाहीं. श्रोतेहो, तेंच आज सांगावयाचें आहे.

पुष्कळांची समजूत अशी कीं, काडी हें खालचें वजन आहे, आणि बूड जड असलें म्हणजे बाहुली जशी कलंडत नाहीं, तसाच बाणही कलंडत नाहीं. ही समजूत चुकीची आहे. परंतु तिची लाज वाटण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील रॉबर्ट गॉडार्ड यांनीं १६ मार्च १९२६ रोजीं द्रव इंधनाचें पहिलें रॉकेट उडविलें, तेव्हां त्यांनींही इंजिन वर आणि टाक्या खालीं अशीच मांडणी केली होती. तें रॉकेट सुमारें अडीच सेकंद उडालें आणि साडेबारा मीटर उंच गेलें. पुढें त्यांनीं इंजिन शेपटाकडे नेलें. लंबक सरळ लोंबतो, कारण त्याची खुंटी भिंतींत पक्की असते. रॉकेटाची खुंटी म्हणजे त्याला ढकलणारा जोर. आणि रॉकेट कललें कीं तो जोरही त्याच्याबरोबरच कलतो. मग सरळ करणार कोण?

सरळ करते ती हवा. अधांतरीं असलेली कोणतीही वस्तु वळते ती आपल्या गुरुत्वमध्याभोंवतीं. रॉकेट थोडें तिरपें झालें कीं हवा त्याच्या अंगावर बाजूनें दाब देते, आणि तो सारा दाब जणूं एकाच बिंदूवर पडतो. त्या बिंदूला दाबमध्य म्हणूं. हा दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागें असेल, तर हवा शेपटाला ढकलून पुन्हा रेषेंत आणते. वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करतो तो याच कारणानें. दाबमध्य पुढें असेल, तर तीच हवा रॉकेटाला उलटें करते. आतां काडी पाहा. तिच्या वजनानें गुरुत्वमध्य थोडा मागें सरकतो खरा, पण तिच्या लांबीमुळें दाबमध्य त्याहून कितीतरी अधिक मागें जातो. काडी मोडली कीं हें अंतरच नाहींसें होतें.

काडीच्या जागीं पंख लावले तरी काम तेंच. येथून जवळच, पुण्याच्या पाषाण भागांतील संरक्षण प्रयोगशाळेंत ज्याचा आराखडा झाला, तें २१४ मिलिमीटर व्यासाचें पिनाक रॉकेट १९९९ सालीं कारगिलच्या युद्धांत वापरलें गेलें. त्याचे वक्र पंख नळींत अंगाला लपेटलेले असतात आणि नळीबाहेर पडतांच उघडतात.

घरीं दारू ठासण्याच्या भानगडींत कोणींही पडूं नये. पाण्याच्या रॉकेटांत हें सारें शास्त्र अनुभवतां येतें. सोड्याची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, आणि चाकणच्या कारखान्यांतून येणाऱ्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा पंखांसाठीं घ्यावा. आमचें पहिलें रॉकेट मोठ्या ऐटीचे चार पंख लावूनही दहा हातांवर कोलांटी खाऊन पडलें. शेजारीं भोसरीच्या एका कारखान्यांतील टूलरूममधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनीं तें रॉकेट फुटपट्टीच्या कडेवर आडवें तोलून गुरुत्वमध्याशीं खूण केली. मग रॉकेटाच्या आकृतीइतकाच सपाट पुठ्ठा कापून तोही तोलला. तो जेथें तोलतो, तो दाबमध्याचा ढोबळ पण सावध अंदाज. दोन्हीं खुणांत जेमतेम दोन बोटें अंतर! "अहो, पंख जाड पुठ्ठ्याचे केलेत, शेपूटच जड झालें कीं," ते म्हणाले. अंतर निदान बाटलीच्या व्यासाएवढें, म्हणजे सुमारें अकरा सेंटीमीटर, हवें. पंख पातळ केले, टोकांत मेणमाती भरली, तेव्हां कोठें तें जमलें. (दाबमध्य गणितानें काढण्याची सोपी रीत जेम्स बॅरोमन यांनीं १९६६ मध्यें दिली, ज्यांना आंकडेमोडीची हौस आहे, त्यांनीं ती अवश्य वापरावी.) अंतर फार वाढविणेंही बरें नव्हे, मग रॉकेट प्रत्येक झुळुकीकडे तोंड वळवितें.

यानंतर रिकाम्या रॉकेटाच्या गुरुत्वमध्याशीं दोरी बांधून तें मैदानांत डोक्याभोंवतीं फिरवावें. टोक पुढें ठेवून फिरलें, तर निर्धास्त उडवावें. ही परीक्षा कडक आहे. तींत नापास झालेलीं कांहीं रॉकेटें प्रत्यक्षांत नीट उडतातही, पण मुलांच्या हातीं देण्यापूर्वीं कडक परीक्षाच बरी.

उड्डाणाच्या आरंभीं वेगच नसल्यामुळें पंखांना कांहीं करतां येत नाहीं. शिवाय पाणी शेपटांत असतें, म्हणून गुरुत्वमध्यही त्या वेळीं मागें असतो. यासाठीं मीटरभर लांबीची सरळ सळई रॉकेटाला वाट दाखविण्यास हवीच. बाटली एकतृतीयांश पाण्यानें भरावी, सायकलच्या पंपानें पन्नास पौंडांपर्यंत हवा भरावी, तीही लांब नळीनें आणि दूर उभें राहून. बाटली ओरखडलेली नसावी, पाण्याची पातळ बाटली तर मुळींच नको, आणि हवा भरल्यावर कोणीं तिच्यावर वांकूं नये.

आमचें दुसरें रॉकेट सहा मजली इमारतीएवढें सरळ चढलें. मात्र जें सरळ चढतें, तें उतरतेंही टोक खालीं करूनच. म्हणून टोकावर स्पंजाची जाड गादी बसवावी, आणि रॉकेट जमिनीला लागेपर्यंत मैदानांतील प्रत्येकानें वर पाहात राहावें.