गाठी खामगावच्या, गिरण्या परगावच्या

बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत ओळखला जातो. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद. या काळ्या जमिनीत दीडशे वर्षांहून अधिक काळ विक्रीसाठी कापूस पिकतो. तरीही या कापसाचं सूत आणि कापड बहुतेक बाहेरच झालं. विकसनशील देशात उद्योग सरकारने आणि समाजाने मिळून उभारावेत, असं समाजवादी मंडळी का म्हणतात, ते समजून घ्यायला हा जिल्हा चांगला आहे. आणि त्यांचं कुठे चुकलं, तेही इथेच दिसतं.

रेल्वे कशासाठी आली

बुलढाणा ज्यात येतो तो निजामाचा वऱ्हाड प्रांत 1853 च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1860 च्या दशकात मलकापूर-शेगाव मार्गे नागपूरपर्यंत रेल्वे गेली. खामगाव मुख्य मार्गापासून बाजूला पडत होतं, म्हणून खास जलंबहून फाटा काढला गेला. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. एका कापूसबाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या गाठींची किंमत कळावी. जिनिंग-प्रेसिंग इथे आलं, कारण मोकळा कापूस वाहून नेणं परवडत नाही; गाठी मात्र मुंबई बंदराकडे निघाल्या. 1899-1900 च्या दुष्काळात शेत बुडालं, तेव्हा मजुराला आधार देईल असा दुसरा धंदा फारसा नव्हता.

क्विंटलचा हिशेब

एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. 170 किलोची एक गाठ बांधायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. सरकीचं तेल निघतं, ढेप जनावरांना जाते. रुईचं सूत, सुताचं कापड, कापडाचे कपडे. प्रत्येक पायरीवर किंमत वाढते आणि वर्षभराची मजुरी तयार होते. गावाच्या वाट्याला मात्र वेचणी आणि जिनिंगचे हंगामी दिवस येतात.

सहकाराने हे का सुटलं नाही, असं कुणी विचारेल. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू केलाच होता. पण ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, नाहीतर साखर घटते. म्हणून कारखाना उसाजवळच उभा राहतो आणि उत्पादकाच्या शब्दाला वजन येतं. कापसाला अशी घाई नसते. गाठ बांधली की ती महिनोन्महिने टिकते आणि हजार किलोमीटरवरही जाते. गिरणीवाला मग वीज, पाणी, बाजार आणि बंदर बघून जागा ठरवतो. नागपुरात 1877 मध्ये टाटांनी एम्प्रेस मिल काढली, हे खरं. पण प्रत्येक तालुक्याला टाटा भेटत नाही. खाजगी भांडवल आपणहून खामगावला येईल, ही आशा म्हणूनच तोकडी पडते.

आंबेडकरांचं म्हणणं

डॉ. आंबेडकरांनी 1918 मध्येच शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर अडकलेली जादा माणसं उद्योगात गेली पाहिजेत, हा त्याचा गाभा. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: मुख्य आणि पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याकडे असावा, शेतीही राज्याचा उद्योग व्हावी. शेतीबाबतचं त्यांचं म्हणणं कुणी अमलात आणलं नाही. पण अवजड उद्योगात सरकारने पुढाकार घ्यावा, हे 1944 च्या मुंबई योजनेत टाटा-बिर्लांनीही मान्य केलं होतं. एवढा पैसा इतक्या वर्षांसाठी अडकवून ठेवायची त्यांची तयारी नव्हती, दुसरं काय! 1956 च्या औद्योगिक धोरणाने ती जबाबदारी सरकारवर टाकली आणि 1959 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली.

एकाधिकार: अर्धा समाजवाद

कापसाच्या बाबतीत महाराष्ट्राने मोठं धाडस केलं. 1972 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. राज्यात कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा. केंद्रावर गाडी लावायची, ग्रेडरने प्रत ठरवायची, चुकारे हप्त्याहप्त्याने घ्यायचे. व्यापाऱ्याची मनमानी थांबली आणि हमीभावाचा आधार मिळाला. पण चुकारे रखडायचे आणि सरहद्द उघडी होती. जळगाव जामोदच्या पलीकडे मध्य प्रदेश. तिकडे भाव चढला की इकडचा कापूस तिकडे, पडला की तिकडचा इकडे. तोटा साचत गेला आणि पुढे एकाधिकार सैल होत संपला.

माझ्या मते योजना फसली ती समाजवादामुळे नव्हे, ती गाठीवर येऊन थांबली म्हणून. भाव पडण्याची जोखीम सरकारने घेतली. सूत-कापडातली कमाई दुसऱ्यांकडे राहिली. सरकार गिरण्यांतही उतरलं, पण कधी? 1974 मध्ये आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा. शेजारच्या अकोल्याची सावतराम मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली, ती जुनी यंत्रं आणि जुनं दुखणं घेऊनच. कामगारांची नोकरी काही काळ टिकली. उद्योग उभा राहिला नाही.

शरद जोशींचा आक्षेप

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचा सवाल टाळून चालणार नाही. उद्योगाला भांडवल कुठून आलं? शेतमालाचे भाव दाबून, असं त्यांचं उत्तर होतं. गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी म्हणून निर्यातीवर बंधनं येत राहिली, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याने भोगलं आहे. म्हणून सार्वजनिक गिरणीची बाजू मांडणाऱ्याने आधी कबूल करावं की तिने रुई बाजारभावानेच घ्यावी, भांडवल अर्थसंकल्पातून यावं आणि कापूस उत्पादकाला त्यात भाग मिळावा. हे नसेल तर ती लँकेशायरची देशी आवृत्तीच.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात बुलढाणाही होता. मोठा हिस्सा सिंचनाला, शिवाय व्याजमाफी, कर्जाची फेररचना, बियाणं. बहुतेक सगळं शेताच्या बांधाच्या आत. दरम्यान घाटावर चिखली-मेहकरकडे सोयाबीनने जोर धरला आहे. सोयाबीनही सुकवून पोत्यात भरलं की लांब जातं. त्यामुळे तेल कुठे गाळायचं, हे ठरवताना चिखलीच्या शेतकऱ्याला कुणी विचारत नाही.