फिरत्या चाकाचे आरे

चित्रफलक स्थिर असतो आणि गती तर काळाच्या आधाराने घडते. ज्याला एका क्षणापलीकडे काही दाखविता येत नाही, त्या चित्रकाराने झेपावणारा, राबणारा मनुष्य रंगवावा तरी कसा? पंधराव्या ते सतराव्या शतकांतील युरोपीय चित्रकारांनी या प्रश्नाची दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत.

मनाच्या हालचाली शरीराच्या हालचालींतून ओळखू येतात, असे अल्बेर्तीने १४३५ मध्ये आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात प्रतिपादिले. लिओनार्दोने या विचाराला निरीक्षणाची जोड दिली. रस्त्यात बोलणारी, भांडणारी माणसे लहानशा वहीत टिपून ठेवावीत, असा त्याचा उपदेश होता. जोराने प्रहार करू इच्छिणारा मनुष्य प्रथम उलट दिशेस वळून देहाला पीळ देतो, हे त्याने नोंदविले. विटीदांडू खेळणाऱ्या मुलाला हे कोणी शिकवीत नाही. चित्रकाराला मात्र शिकावे लागले. प्रहाराऐवजी त्याआधीचा पीळ रंगविला, की उरलेली क्रिया पाहणाऱ्याचे मनच पुरी करते. तिशियनच्या ‘बॅकस आणि अरिअ‍ॅड्नी’ (१५२०–२३) या चित्रात रथातून झेपावलेला देव अद्याप भूमीवर पोचलेला नाही, तो याच न्यायाने.

तथापि या आकृत्यांचे अवयव रेखीव आहेत. बोटे मोजून घ्यावीत इतके. हलती वस्तू डोळ्याला खरोखर अशी दिसते काय?

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील वेलास्केसचे ‘सूत कातणाऱ्या स्त्रिया’ (सुमारे १६५५–६०) हे चित्र मला या बाबतीत सर्वांत धाडसी वाटते. डावीकडे वृद्धा चरखा फिरवीत आहे. चाकाला आरे असणारच. पण चित्रकाराने ते रंगविलेलेच नाहीत. तेथे आहे केवळ प्रकाशाची एक वर्तुळाकार झिलई, आणि तिच्यातून पलीकडचे अंधूक दिसते. उजवीकडे आपल्याकडे पाठ करून बसलेली तरुणी सूत गुंडाळते आहे. तिच्या पुढे गेलेल्या हाताची बोटे वेगळी काढता येत नाहीत; रंगाचे दोनचार फटकारे, एवढेच. आरे आहेत हे आपणांस ठाऊक असते, पण चाक फिरू लागले की ते दिसत नाहीत. वेलास्केसने ठाऊक असलेले बाजूस सारून दिसलेले रंगविले, आणि तेही छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी सुमारे पावणेदोनशे वर्षे! चित्रकलेच्या वर्गात अशा हाताला गुण मिळाले असते की नाही, याची मला शंका आहे.

हे चित्र दीर्घकाळ विणकामाच्या कारखान्यातील एक साधे दृश्य समजले जाई. परंतु १६६४ च्या एका मालमत्तेच्या यादीत ‘अराक्नीची कथा’ म्हणून नोंदलेले चित्र हेच, असे विसाव्या शतकात ओळखले गेले. मिनर्व्हा देवीशी विणकामात स्पर्धा करून कोळी झालेली ती अराक्नी. मागच्या दालनात तिने विणलेला पट टांगलेला आहे, आणि त्यावरील दृश्य तिशियनच्याच ‘युरोपाचे हरण’ या चित्रावरून घेतलेले आहे. तेथे वेग विणून पुरा झाला आहे. पुढे, चरख्यापाशी, तो अजून चालू आहे.