साथीला कोण होते?

मराठीच्या प्राध्यापकाने बीटल्सवर लेख लिहिला आहे हे पाहून आमच्या विभागातली मंडळी भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. ज्ञानेश्वरी आणि मर्ढेकर शिकवून पोट भरणाऱ्या माणसाचा लिव्हरपूलच्या चार पोरांशी काय संबंध? संबंध असा काहीच नव्हता. तो आमच्या भाऊजींनी जुळवला, आणि भाच्याने तो चिघळवला.

भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले. कॉलेजात असताना शिकवण्या करून त्यांनी बीटल्सच्या तबकड्या जमवल्या. त्या आजही बासनात बांधलेल्या पोथ्यांसारख्या कपाटात आहेत आणि त्यांना हात लावण्याची परवानगी ताईलाही नाही. भाचा ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेतो. तो गिटार वाजवतो आणि वडिलांची श्रद्धास्थाने हलवून पाहतो. दर रविवारी ही मंडळी आमच्याकडे डोंबिवलीला येतात. पोहे होतात, चहा होतो आणि वादाला तोंड फुटते.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी भाचा म्हणाला, “बाबा, तुमच्या बीटल्सनी सगळं स्वतः वाजवलंय कुठे? निम्मं तर भाड्याच्या माणसांनी वाजवलंय!”

भाऊजींचा चहाचा कप बशीवर जरा जोरातच आपटला. स्वयंपाकघरात माझी आई कोथिंबीर निवडत बसली होती, तिचा हातही थांबला. तो का थांबला ते पुढे सांगतो.

“निम्मं” हे भाच्याचे म्हणणे साफ चूक होते आणि मी ते त्याला तिथल्या तिथे सांगितले. अमेरिकेत तसे प्रकार पुष्कळ झाले. ‘मंकीज’ हा चमू १९६५ साली दूरचित्रवाणीच्या मालिकेसाठीच जुळवला गेला. त्यांच्या पहिल्या दोन तबकड्यांवरचे वादन बहुतेक भाडोत्री वादकांचे आहे. ‘आम्हांला आमचे आम्ही वाजवू द्या’ म्हणून ती मुले हटून बसली, तेव्हा कुठे १९६७ साली त्यांची तिसरी तबकडी त्यांच्या हातची निघाली. ‘बीच बॉइज’ची १९६६ ची गाजलेली ‘पेट साउंड्स’ घ्या. तीत हॅल ब्लेनचा ड्रम आणि कॅरल के या बाईंची बास गिटार अशी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंतली तयार माणसे आहेत. घरातली पोरे गायला, बाकी पुष्कळसे वादन बाहेरचे! बीटल्सचे तसे नाही. गिटार, बास, ड्रम त्यांचेच. बाहेरचा माणूस आला तो कामापुरता.

पण आला होता हे खरे, आणि अगदी पहिल्या पावलालाच आला होता. ‘लव्ह मी डू’ हे त्यांचे पहिले गाणे ४ सप्टेंबर १९६२ ला रिंगो स्टारच्या ड्रमवर ध्वनिमुद्रित झाले. ते ठीक वाटले नाही म्हणून ११ तारखेला पुन्हा घेतले, आणि या वेळी ड्रमवर अँडी व्हाइट नावाचा धंदेवाईक वादक बसवला. बिचाऱ्या रिंगोच्या हाती खंजिरी दिली. गंमत अशी, की ऑक्टोबरात बाजारात आलेल्या पहिल्या तबकड्यांवर रिंगोचा ड्रम आहे आणि पुढे मोठ्या तबकडीत व्हाइटचा. ओळखायची खूण सोपी : खंजिरी वाजली की ड्रमवर व्हाइट. भाऊजी हे डोळे मिटून ओळखतात. अँडी व्हाइट २०१५ साली वारला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या चमूत तो एक दिवस होता, आणि पुढच्या आयुष्यात ज्याने त्याने त्याला त्या एकाच दिवसाबद्दल विचारले.

‘एलिनॉर रिग्बी’त तर चौघांपैकी एकानेही वाद्याला हात लावलेला नाही. चार व्हायोलिने, दोन व्हायोला, दोन चेलो, आणि स्वरलेखन त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे. ‘पेनी लेन’मधली ती चिमणीसारखी चिवचिवणारी तुतारी डेव्हिड मेसनची. जानेवारी १९६७ मध्ये पॉल मॅकार्टनीने दूरचित्रवाणीवर बाखची रचना वाजवताना त्याला ऐकले, बोलावून घेतले, हवी ती धून गाऊन दाखवली. मार्टिनसाहेबांनी ती कागदावर उतरवली आणि मेसनने वाजवली. त्याला सत्तावीस पौंड दहा शिलिंग मिळाले.

“मग झालं तर!” भाऊजी म्हणाले, “काम केलं, पैसे मिळाले. गवंड्याचं नाव कधी घराच्या पाटीवर लावतात का?”

हा युक्तिवाद तसा खोटा नाही. धून पॉलची होती, मेसनची नव्हती. कोणाला बोलवावे आणि त्याच्याकडून काय काढून घ्यावे हे कळणे हीसुद्धा प्रतिभाच आहे, आणि ती बीटल्सपाशी उदंड होती. त्या तुतारीवाल्याला घेऊन दुसऱ्या कोणी ‘पेनी लेन’ केले असते असे मला वाटत नाही. पण गवंड्याची उपमा मला पटली नाही. घरात राहणाऱ्याला गवंड्याचा हात रोज ऐकू येत नाही. गाण्यात तो दर वेळी ऐकू येतो.

खरा वाद पेटला तो आपल्या माणसांवरून. १९६६ ची ‘रिव्हॉल्व्हर’ ही तबकडी भाऊजींनी कपाटातून आणली होती. तिच्या वेष्टनावर ‘लव्ह यू टू’ या गाण्यापुढे एक नाव छापले आहे : तबला, अनिल भागवत. मी ते तीनदा वाचले. लंडनच्या तबकडीवर, बीटल्सच्या नावांच्या जोडीला, भागवत! ते तेव्हा लंडनमध्ये होते. आयन अंगडी नावाचे कानडी गृहस्थ तिथे ‘एशियन म्युझिक सर्कल’ ही संस्था चालवीत, त्यांच्याकडून निरोप गेला. कोणासाठी वाजवायचे आहे हे भागवतांना ठाऊक नव्हते. दाराशी रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा उलगडा झाला. हे काम ११ एप्रिल १९६६ चे.

आता याच गाण्यातली सतार कोणाची, यावर बीटल्सभक्तांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जॉर्ज हॅरिसनचीच. दुसरा म्हणतो, छे! ज्याने सहा महिन्यांपूर्वी ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये चाचपडत सुरावट वाजवली, त्याच्या हातात इतकी सफाई कुठून येणार? ही सर्कलमधल्या कोणा अनाम सतारियाची. भाऊजी पहिल्या तटात, भाचा दुसऱ्या. मी भागवतांच्या बाजूचा, कारण ते समोर बसले होते आणि त्यांच्या सांगण्यात हॅरिसनच वाजवीत होता. पण पाहा, तबल्याचे नाव छापले म्हणून तबल्यावर वाद नाही. नाव नाही तिथेच साठ वर्षे भांडण चालू आहे.

पुढच्याच वर्षीची ‘सार्जंट पेपर’ घ्या. तिचे वेष्टन म्हणजे जत्रा! साठाच्या आसपास प्रसिद्ध चेहरे दाटीवाटीने उभे केलेत. त्यांत परमहंस योगानंद आहेत, त्यांचे गुरू आहेत. गांधीजीही होते, पण हिंदुस्थानात खप बिघडेल या धास्तीने कंपनीने ते काढायला लावले. इतक्या गर्दीत ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात दिलरुबा, तंबोरा आणि तबला प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची नावे मात्र मावली नाहीत. अ‍ॅना जोशी आणि अमृत गज्जर दिलरुब्यावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर, नटवर सोनी तबल्यावर : ही चार नावे लोकांपुढे आली ती २०१७ साली. पन्नास वर्षांनी!

आणि मग मुंबई. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे संगीत करायला आपल्या फोर्टात, फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला. त्याच्यासाठी दोन ट्रॅकांचे यंत्र भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आगगाडीने आणवले. रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज आत शिरे, तो सांभाळून काम चाले. तिथेच एक जास्तीची चीज ध्वनिमुद्रित झाली. तिच्यावर फेब्रुवारीत लंडनला शब्द चढले आणि १५ मार्च १९६८ ला ‘लेडी मॅडोना’च्या पाठीवर ती ‘द इनर लाइट’ म्हणून निघाली. हॅरिसनचे बीटल्सच्या छोट्या तबकडीवर आलेले हे पहिले गाणे. त्यातली वाद्ये सगळी इथल्या माणसांची. सरोद आशिष खाँ यांचा, पखवाज महापुरुष मिश्र यांचा. बासरीसाठी हरिप्रसाद चौरसिया यांचे नाव घेतात, जे त्या काळी मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत वाजवीत. तबकडीवर छापले आहे फक्त ‘बीटल्स’.

त्याच मुक्कामातल्या ‘वंडरवॉल’च्या वेष्टनावर मात्र हॅरिसनने वादकांची नावे दिली. तिथे बासरीपुढे नाव आहे एस. आर. केंकरे. भाचा लगेच उसळला, “मामा, म्हणजे ‘इनर लाइट’मध्येही केंकरेच असतील तर?” असतील किंवा नसतील. त्या छोट्या तबकडीवर एक ओळ जास्त छापली असती तर हा प्रश्नच उरला नसता. भाऊजी यावर काही बोलले नाहीत. हॅरिसनला दोष देणे त्यांच्या जिवावर येते, आणि ‘वंडरवॉल’चे श्रेय त्याला द्यायलाच हवे हेही खरे.

आता आईचा हात का थांबला ते सांगतो. आमचे नाना दिवसा कचेरीत कारकून होते, आणि रजा टाकून, वेळी आजारपणाची चिठ्ठी देऊन, स्टुडिओत तबला-ढोलकी वाजवायला जात. भाच्याने ज्यांना भाड्याची माणसे म्हटले, त्यांतलेच ते एक. मुंबईच्या स्टुडिओंचा सारा कारभारच अशा हातांवर चाले. शंकर-जयकिशन यांची वाद्यरचना वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसोझा या गोव्याच्या माणसाने बांधली, हे किती श्रोत्यांना ठाऊक होते? माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोचले ते १९७७ साली, त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालनी त्यांची आठवण ठेवली म्हणून. तेही चित्रपटातल्या एका विनोदी पात्राच्या तोंडून!

नाना जाऊन पंधरा वर्षे झाली. एक मराठी चित्रगीत आहे, अजून रेडिओवर लागते. त्यात दुसऱ्या अंतऱ्याआधी ढोलकीची एक तिहाई येते. ती आली की आई हातातले काम थांबवते. “हे तुझे नाना,” एवढेच म्हणते. पुरावा काही नाही. मी एकदा त्यांची वही काढून पाहिली. तारखा आहेत, शिफ्टा आहेत, मिळालेले पैसे आहेत, लोकलच्या तिकिटाचा खर्चसुद्धा आहे. गाण्याचे नाव एकाही पानावर नाही. मेसनच्या सत्तावीस पौंड दहा शिलिंगांसारखेच. पैशाची नोंद कुठेतरी राहतेच.

आमच्याकडे मैफलीत अशा माणसाला ‘साथीदार’ म्हणतात आणि गवई बैठक मोडण्याआधी त्याचे नाव सांगतो. नाटकाच्या जाहिरातीतही ‘ऑर्गन’ आणि ‘तबला’ यांपुढे नावे असत. मग तीच माणसे स्टुडिओच्या काचेआड गेल्यावर बेनाव का झाली, याचे उत्तर मला भाषाशास्त्रात सापडले नाही. भाऊजींचे म्हणणे, मैफलीत साथीदार लोकांना दिसतो, स्टुडिओत दिसत नाही. म्हणणे विचार करण्याजोगे आहे.

त्या रविवारी जेवणानंतर भाच्याने ‘द इनर लाइट’ लावले. आजीला इंग्रजी शब्द कळण्यातले नव्हते. पण सुरुवातीलाच पखवाजावर थाप पडली तशी ती खुर्चीत सरळ झाली. बोटे आपोआप मांडीवर चालू लागली. भाऊजी तिच्याकडे पाहत होते, गाण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

गाणे संपले. “कुणाचा रे हा हात?” आईने विचारले.

“महापुरुष मिश्र, आजी.”

“आणि बासरी?”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. “त्यावर अजून वाद आहे,” तो म्हणाला आणि त्याने गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.