कपाटातला कॅमेरा आणि कानातला सेल

हल्ली लग्नाच्या व्हिडिओत 'जुन्या फिल्मचा लुक' मागतात. पिवळट रंग, थरथरणारी चौकट, मधूनच एखादी रेघ आणि कोपऱ्यात वळवळणारा केस. मोबाइलमध्ये एक बटण दाबलं की केस येतो. तोच केस काढायला मी भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत गेली कित्येक वर्षं ब्लोअर, ब्रश आणि शिव्या वापरतो आहे. मागच्या वर्षी एका भाच्यासाठी मी खऱ्या सुपर-८ वर त्याचा साखरपुडा टिपला. कॅमेऱ्याचं गेट, म्हणजे फिल्म जिथून सरकते ती चौकट, इतकं स्वच्छ पुसलं होतं की चित्रात एकही डाग नव्हता. भाच्याने पाहिलं आणि विचारलं, "मामा, हे फिल्मवर काढलंय असं वाटतच नाही. थोडे स्क्रॅच टाकता येतील?"

जुन्या फिल्म-कॅमेऱ्यांच्या या छंदाची गोडगोड बाजू सगळ्यांना ठाऊक आहे: आजोबांचा कॅमेरा, प्रोजेक्टरची घरघर, भिंतीवर हलणारं बालपण. माझ्याकडे कॅमेरे येतात ते त्या भिंतीच्या मागच्या बाजूने. कुणीतरी फोन करतं, "वडिलांचा आहे, अगदी जपून ठेवलाय." हे 'अगदी जपून' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. जपून ठेवलेला म्हणजे चाळीस वर्षं बंद चामडी पेटीत, पेटी कापडात, कापड गोदरेजच्या कपाटात, आणि वर डांबराच्या गोळ्या. पेटी उघडली की आतला फोम काकवीसारखा हाताला चिकटतो. भोपाळचे चार महिने पावसाळी. बंद पेटीतल्या दमट हवेत भिंगावर बुरशीची नक्षी उमटलेली असते. सेल आतच राहिलेले असतात आणि त्यांनी हिरवट क्षार ओकून पत्र्याचे काटे खाल्लेले असतात. चावीचा कॅमेरा असेल तर स्प्रिंग पूर्ण ताणून ठेवलेली, कारण 'चालू आहे का' हे पाहायला कुणीतरी चावी भरली होती आणि फिल्म नाही म्हणून तशीच सोडली. आजवर माझ्याकडे आलेला सर्वांत ठणठणीत कॅमेरा एका जुन्या लग्नवाल्या फोटोग्राफरचा होता. तीस वर्षं तो स्कूटरच्या डिकीत पान्यांबरोबर फिरला होता.

स्प्रिंगचे कॅमेरे मी दुरुस्तीला नेतो ते जुन्या भोपाळातल्या एका उस्ताद घड्याळजीकडे. पहिल्यांदा बोलेक्स समोर ठेवला तेव्हा त्यांनी कानाला लावला, चावी फिरवली आणि म्हणाले, "को खां, ये तो घड़ी का बड़ा भाई है." ते खरंच आहे. हा कॅमेरा स्वित्झर्लंडमधल्या सॅंत-क्रुआ गावच्या पायार कंपनीचा, आणि त्या गावात संगीतपेट्या आणि घड्याळं बनत. एच-१६ हे मॉडेल १९३५ चं. एकदा पूर्ण चावी दिली की सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने साधारण अठ्ठावीस सेकंद चालतो. उस्तादांनी आतलं वाळून साबणासारखं झालेलं ग्रीस खरवडलं, वेग आवरणारा गव्हर्नर धुतला, टाचणीच्या टोकाने तेल दिलं. आठ दिवसांनी कॅमेरा शिवणयंत्रासारखा चालू लागला. फक्त जरा जास्तच. तबकडीवर १६ लावलं की तो १९ ने धावत होता. मी समजावलं की कॅमेरा जलद धावला तर पडद्यावर माणसं संथ दिसतात. उस्तादांनी चष्मा वर केला, "लोग सुस्त दिखेंगे? मियां, भोपाल है. किसी को पता नहीं चलेगा."

खरंच, आजवर कुणाला पत्ता लागलेला नाही.

आता वैराची गोष्ट. भोपाळच्या 'भेल' कारखान्यातून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ आमच्याच बाजूला राहतात. नाव सांगत नाही, इथे भेलसाहेब म्हणू. एका भंगारवाल्याकडे बोलेक्स आल्याची बातमी आम्हा दोघांना एकाच सकाळी लागली. ते अर्धा तास आधी पोहोचले आणि कॅमेऱ्याची बॉडी घेऊन गेले. लेन्स वेगळ्या डब्यात होती. ती भंगारवाल्याच्या लक्षात नव्हती, त्यांच्याही नव्हती. ती मी उचलली. मग दोन वर्षं ते मला चहाला बोलवत आणि मी त्यांना. लेन्स विकता का, बॉडी विकता का, असं कुणीच विचारायचं नाही. शेवटी एका दिवाळीत तह झाला आणि माझी लेन्स त्यांच्या बॉडीवर बसली. दोन्हीचे आटे तंतोतंत जुळले. फिल्म धुऊन आली तर सगळी चित्रं मऊ, जणू समोर मलमल धरली आहे. लेन्सवर बारीक अक्षरांत 'आरएक्स' कोरलेलं होतं, ते दोघांनीही वाचलं नव्हतं. १९५६ मध्ये बोलेक्सने रिफ्लेक्स मॉडेल काढलं. त्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक लोलक असतो, आणि कमी फोकल लांबीच्या आरएक्स लेन्सचं गणित तो लोलक धरूनच केलेलं असतं. भेलसाहेबांची बॉडी त्याआधीची, लोलक नसलेली. पत्रिका जुळली, पण संसार काही जमेना. लेन्स परत घरी आली आणि चहा पुन्हा सुरू झाला.

सेलची कथा जरा घरगुती आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या प्रकाशमापकाला पाऱ्याचा बटण-सेल लागायचा, १.३५ व्होल्टचा. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. आजचा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा. बसतो नीट, पण मापकाला वाटतं ऊन जास्त आहे. तो भिंगाचं तोंड बारीक करतो आणि चित्र काळवंडतं. यावर आम्हा लोकांचा उपाय म्हणजे श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल. जस्त आणि हवेवर चालणारा, सुमारे १.४ व्होल्टचा, पाऱ्याच्या सेलला सर्वांत जवळचा. आकाराने लहान, म्हणून भोवती एक कडं घालायचं. खोड एकच: वरचा कागद सोलला की त्याचं आयुष्य मोजायला लागायचं, वापरा वा न वापरा. आमच्या घरी बाबांच्या कानाला तोच नंबर लागतो, त्यामुळे मी निर्धास्त. पण एकदा गणपतीच्या आरतीला मी कॅमेरा उचलला आणि मापकाचा काटा आडवा. घरात नवा सेल एकही नाही. बाबांनी परिस्थिती पाहिली, कानातलं यंत्र काढलं, सेल माझ्या तळहातावर ठेवला. मला गहिवरून आलं. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "समोरच्या वहिनी 'युगें अठ्ठावीस' घेणार आहेत. आरती संपली तरी घाईने परत देऊ नकोस."

जुन्या डबल-८ फिल्मची तऱ्हा अजून निराळी. १९३२ मध्ये आलेली ही पद्धत मुळात काटकसरीची: १६ मिलिमीटर रुंदीची पंचवीस फूट फिल्म आधी एका बाजूने चालवायची, मग रीळ उलटून दुसऱ्या बाजूने, आणि धुतल्यावर मधोमध चिरून पन्नास फूट करायची. सोळाच्या वेगाने चार मिनिटं दहा सेकंद. रीळ उलटायचं ते सावलीत, आणि उलटलं की डब्यावर खूण करायची. आमच्या एका मामांनी मोठ्या तलावावरची सहल दोन्ही बाजूंनी टिपली, रीळ डब्यात घातलं आणि खूण करायला विसरले. महिन्याभराने तेच रीळ कोरं समजून त्यांनी मुंज टिपली. फिल्मवर बटू, गुरुजी आणि मातृभोजनाची अख्खी पंगत पाण्यावर तरंगते आहे, आणि गुरुजींच्या पोटातून एक नाव निघून जाते. मामा त्यानंतर वीस वर्षं पाहुण्यांना सांगत होते, "ही ट्रिक मुंबईवाल्यांनाही जमत नाही."

फिल्म धुण्याचं काय करता, असं लोक विचारतात. उत्तराला थोडा इतिहास आहे. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी लंडनहून एकवीस गिनीला कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. फार जण हे सांगत नाहीत की ती फिल्म धुवायला पुन्हा लंडनलाच पाठवावी लागली. भारतीयाने काढलेलं पहिलं मानलं जाणारं चलच्चित्र आधी बोटीने गेलं आणि मग परत आलं. सव्वाशे वर्षांनी शाहपुऱ्यात बसून रंगीत फिल्म मीही बाहेरगावी रवाना करतो आणि पोस्टमनची वाट पाहतो. प्रगती नाही असं नाही. आता वाट बघताना पार्सल कुठे अडकलं आहे ते मोबाइलवर दिसतं.

कृष्णधवल मात्र मी घरी धुतो, सोव्हिएत बनावटीच्या सर्पिल टाकीत. रसायनाला पाणी हवं २० अंशांचं. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट चहाला चालेल असं असतं. पहिल्या उन्हाळ्यात मी हौसेने बर्फाच्या लाद्या आणल्या, रसायनं थंड केली, फिल्म धुतली आणि शेवटच्या विसळणीत विसरून सरळ नळ सोडला. जिलेटिन फुगलं, सुटलं आणि शाहपुरा तलावावरची अख्खी संध्याकाळ मोरीतून वाहून गेली. हातात उरली ती काचेसारखी स्वच्छ पट्टी. तेव्हापासून उन्हाळ्यात काढलेली फिल्म फ्रिजमध्ये थांबते आणि डिसेंबरात धुतली जाते. आमच्याकडचे आंबे मार्गशीर्षात पिकतात.

'हौशी' म्हणून या छोट्या कॅमेऱ्यांना मोठे लोक नाक मुरडतात, तेव्हा मी माहितीपटकार आनंद पटवर्धनांचं नाव काढतो. १९७४ मध्ये बिहारमधलं जयप्रकाशजींचं आंदोलन त्यांनी टिपायला घेतलं तेव्हा हाताशी होता उसना सुपर-८ कॅमेरा. सुपर-८ वरून मोठ्या प्रती काढायची सोय कुठली? त्यांनी ती दृश्यं पडद्यावर दाखवली आणि समोर १६ मिलिमीटरचा कॅमेरा लावून पुन्हा टिपली. हा उद्योग मी घरच्या भिंतीवर करून पाहिला आहे. प्रोजेक्टर अठराचा, कॅमेरा पंचवीसचा. दोघांच्या झडपा एकमेकींना चुकवत राहतात आणि चित्र जुन्या ट्यूबलाइटसारखं फडफडतं. पटवर्धनांच्या त्या चित्रणातून मात्र 'क्रांती की तरंगें' हा चित्रपट उभा राहिला. पण पडद्यामागचा किस्सा पुढेच आहे. आणीबाणी आली, चित्रपट भूमिगत झाला, आणि देशाबाहेर न्यायचा कसा हा प्रश्न पडला. तो तुकड्यातुकड्यांनी बाहेर गेला. तुकडे जोडून जोडून जो चित्रपट केला, त्याचेच पुन्हा तुकडे.

आणि अब्राहम झॅप्रूडर! केनेडींवर गोळ्या झाडल्या ते त्याने टिपलेले २६ सेकंद जगाने हजारदा पाहिले. बेल अँड हॉवेलचा चावीचा ८ मिलिमीटर कॅमेरा, ४८६ चौकटी. पण २२ नोव्हेंबर १९६३ च्या त्या ढगाळ सकाळी हा कपडे-कारखानदार कॅमेरा घरीच ठेवून कचेरीत आला होता. कचेरीतल्या बाईंनी टोकलं, परत जा आणि घेऊन या. तो गेला, आणला, चावी पूर्ण भरली आणि एका कठड्यावर चढला. उंचीवर चक्कर यायची म्हणून दुसऱ्या कर्मचारी बाईंनी मागून धरून ठेवलं होतं. पुढे तपासात त्या स्प्रिंगचा वेग मोजला, सेकंदाला १८.३ चौकटी, आणि गोळ्यांमधल्या वेळेचा हिशेब त्यावर बसवला. एका राष्ट्राध्यक्षाच्या खुनाचं घड्याळ म्हणजे एक खेळणंवजा चावी! हे ऐकल्यावर आमच्या उस्तादांनी एकच प्रश्न विचारला, "ग्रीस किसने डाला था?"

कोडॅकने २०१६ च्या जानेवारीत नवा सुपर-८ कॅमेरा जाहीर केला तेव्हा भेलसाहेबांनी जुने कॅमेरे विकायला काढले होते. किंमत चारशे ते साडेसातशे डॉलर असेल असं तेव्हा सांगितलं गेलं. प्रत्यक्ष विक्रीला यायला सात-आठ वर्षं गेली आणि किंमत निघाली ५४९५ डॉलर. सुदैवाने भेलसाहेबांचे कॅमेरे कुणी घेतले नव्हते.

एका विमानतळावरचं सांगतो. फिल्म एक्स-रेमध्ये घालू नका, हातानं तपासा, असं मी विनवत होतो. जवानाने कॅमेरा उलटसुलट केला, दृश्यदर्शकातून पाहिलं, लेन्सवर टिचकी मारली. "इसमें स्क्रीन कहाँ है?" नाही म्हटलं. "तो अभी जो खींचा, वो कब दिखेगा?" मी म्हटलं, दोन महिन्यांनी, कदाचित. त्याने कॅमेरा हळूच ट्रेमध्ये ठेवला आणि शेजारच्याला म्हणाला, "जाने दे. परेशान आदमी है."

मोरीत वाहून गेलेली ती संध्याकाळ पुन्हा टिपायची म्हणून मागच्या हिवाळ्यात मी तलावाच्या काठी तिवई लावली. कॅमेरा जुना डबल-८, दृश्यदर्शकाची खिडकी लेन्सपासून वेगळी. सूर्य खाली आला, फिरायला आलेली मंडळी थबकली, बगळे ओळीने उडाले. भेलसाहेब शेजारी हात मागे बांधून उभे होते, एक शब्द न बोलता. इतकं सौजन्य मी त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं. चार मिनिटं दहा सेकंद झाली, मी घाम पुसला आणि कॅमेरा पेटीत घालायला घेतला, तर लेन्सवर टोपण तसंच.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मावळत्या सूर्याकडे पाहत म्हणाले, "हो, सुरुवातीलाच दिसलं होतं. म्हटलं, तुमच्या त्या आरएक्स लेन्सचं टोपण असेल, काढायचं की नाही ते तुम्हालाच ठाऊक."