लोहाच्या गोळ्या सुरू, तरी रक्त का वाढेना?

जिना चढताना धाप लागते, दुपारपर्यंत अंग गळून जाते, चेहरा फिकट दिसतो. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पण काही महिने गोळ्या घेऊनही आकडा हलत नाही. याची कारणे अनेक असतात. मात्र मळ्यात अनवाणी काम करणाऱ्यांच्या बाबतीत एक कारण हमखास तपासायला हवे : अंकुशकृमी, म्हणजेच हुकवर्म.

जंत म्हटले की लहान मुले आणि गोड खाणे आठवते. पण गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत आणि अंकुशकृमी मोठ्यांनाही होतो. बाधित व्यक्तीच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात. उघड्यावर शौच झाले, तर ओलसर, सावलीच्या मातीत त्यांतून अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. तिथे खाज सुटते, पुरळ येते. चिखल्या झाल्या असतील म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

अळ्या रक्तावाटे फुप्फुसांत, तिथून घशात येतात आणि गिळल्या जाऊन लहान आतड्यात पोहोचतात. तेथे जेमतेम एक सेंटिमीटरचा हा जंत अस्तराला चिकटून रक्त शोषतो. जातीनुसार एका जंतामुळे रोज सुमारे ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त जाते. मोठ्या जातीचे शंभर जंत असतील, तर रोज तीन-चार चमचे! गोळ्यांतून मिळालेले लोह असे गळून जाते.

पोटदुखी, भूक मंदावणे, माती खावीशी वाटणे हीही लक्षणे असू शकतात. काहींना तर थकव्याखेरीज काहीच जाणवत नाही. हे जंत सहसा शौचात दिसत नाहीत. त्यामुळे ‘जंत पडले नाहीत’ म्हणजे ते नाहीतच, असे समजू नये. शौचाच्या तपासणीत अंडी सापडतात.

उपचार सोपा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्बेंडाझोल घ्यावे, लोहाच्या गोळ्याही सुरू ठेवाव्यात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र हे औषध टाळतात. पुन्हा लागण होऊ नये म्हणून पायांत चप्पल-बूट आणि शौचालयाचा वापर हवाच.

राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडी-शाळेत गोळी मिळते. मोठ्यांना ती सोय नाही. रक्त वाढत नसेल, तर ‘जंतांची तपासणी करायची का?’ हा प्रश्न डॉक्टरांना आपणच विचारावा.